‘ओटी’ भिंतीवर लागेपर्यंत

३ ते ५ जानेवारी २०२५ या तीन दिवसांत माझ्या चित्रांचे पहिले एकल प्रदर्शन झाले. मी पारोळा तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवते आणि माझे वय ४६ आहे. प्रदर्शनानंतर परिसरातील काही कलाशिक्षिकांनी फोन करून साधारण तेच प्रश्न विचारले: दालन कसे मिळाले, खर्च किती आला, आणि मुख्य म्हणजे बायका चित्रासाठी बसायला तयार कशा झाल्या. प्रत्येकीला तुटक उत्तरे देण्यापेक्षा जे घडले ते क्रमाने लिहून ठेवावे, असे वाटले.

कापूस वेचताना बायका कमरेला जुन्या लुगड्याचे किंवा धोतराचे फडके बांधतात, पुढे त्याची झोळी करतात आणि बोंडातून काढलेला कापूस तिच्यात टाकत जातात. या झोळीला आमच्याकडे ओटी म्हणतात. सवाष्णीची खण-नारळाने भरतात तीही ओटीच, आणि पोटाचा खालचा भाग म्हणजे ओटीपोट. माझी आई आयुष्यभर वेचणीला गेली. भरल्या ओटीने वाफ्यातून येणारी आई लहानपणी मला गरोदर वाटत असे. ते दृश्य चित्रात आणावे, हे अनेक वर्षे मनात होते. पण शाळा, ग्रेड परीक्षा आणि घर यांतून ते मागे पडत गेले.

२०२३च्या दिवाळीच्या सुट्टीत मी वही घेऊन शेजारच्या शिवारात गेले. पहिल्या दिवशी एकही रेखाटन झाले नाही. मी बांधावर उभी राहताच बायकांनी पदर पुढे ओढले, पाठी वळवल्या आणि त्यांचे बोलणेही थांबले. त्यांचे बरोबर होते. कोणी बांधावर उभे राहून आपल्याकडे पाहत लिहीत असेल, तर तो मुकादम तरी असतो किंवा साहेब तरी. दुसऱ्या दिवशी वही घरी ठेवली आणि १७ ते २० नोव्हेंबर असे चार दिवस त्यांच्याबरोबर वेचणी केली. मला गाठ मारता येईना, म्हणून गटातील सर्वांत ज्येष्ठ जिजी रोज सकाळी माझी ओटी मागून बांधून देत. पहिल्या तासातच बोंडांच्या सुकलेल्या टोकांनी नखांच्या कडा सोलल्या. दुपारपर्यंत कंबर इतकी भरून आली की सरळ उभे राहवेना. संध्याकाळी काट्यावर माझा कापूस १४ किलो भरला, आणि माझ्याहून वीस वर्षांनी मोठ्या जिजींचा ४१ किलो. एकदा त्यांची फक्त ओटी रिकामी करण्याआधी तोलून पाहिली. ती साडेपाच किलो होती. हे वजन दिवसातून सात-आठ वेळा भरते आणि सात-आठ वेळा रिकामे होते.

चौथ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत जिजी स्वतःच म्हणाल्या, “बाई, आते काढ तुनी वही.”

त्या हिवाळ्यात दहा जणी बसायला तयार झाल्या. प्रत्येकीच्या दोन बैठका घेतल्या आणि दर बैठकीला एका दिवसाच्या रोजाइतके, म्हणजे ३०० रुपये दिले. काही जणींनी पैसे नको म्हटले, तरी मी आग्रह धरला. त्यांचा वेळ हा मजुरीचा वेळ असतो, आणि फुकट बसलेली बाई मध्येच ‘नको’ म्हणायला संकोचते. पहिल्या बैठकीआधी एका कागदावर साध्या भाषेत चार वाक्ये लिहून ती वाचून दाखवत असे: चित्र लोकांसमोर लागेल, नाव लिहिले जाणार नाही, चेहरा दाखवायचा की नाही हे तुम्ही ठरवाल, आणि प्रदर्शन लागेपर्यंत केव्हाही नको म्हणता येईल. खाली सही किंवा अंगठा. हा कागद पुढे दालनाच्या कार्यालयातही उपयोगी पडला. पण मी तो कार्यालयासाठी केला नव्हता.

कॅनव्हास परवडणारा नव्हता आणि विषय कापसाचा होता, म्हणून चित्रे मांजरपाटावर करायचे ठरवले. ९० रुपये मीटरने २२ मीटर कापड घेतले. ते आधी गरम पाण्यातून काढून खळ पूर्ण घालवावी लागते, नाहीतर वरचा थर धरत नाही. फेव्हिकॉल, पाणी आणि व्हायटिंगची (पांढऱ्या खडूची) भुकटी यांचा पातळ लेप दोन वेळा दिला की स्वस्तातले अस्तर तयार होते. दोनपेक्षा जास्त थर देऊ नयेत. मी पहिल्या दोन चित्रांना चार थर दिले आणि एप्रिल २०२४मध्ये ती गुंडाळून एसटीने धुळ्याला माझ्या जुन्या सरांना दाखवायला नेली. तिथे उघडली तेव्हा दोन्ही चित्रांना गुंडाळीच्या रेषेत भेगा गेल्या होत्या. पाच आठवड्यांचे काम गेले.

सरांनी भेगांकडे फारसे पाहिले नाही. ते म्हणाले, “बाई छान आली आहे, पण ओटीत कापूस नाही, हवा आहे.” मला ते लागले. घरी येऊन पाहिले तर खरेच होते. मी कंबर बारीक ठेवली होती, मान लांबवली होती आणि ओटीचा गोल वाटोळा, देखणा केला होता. मुलींच्या सहली घेऊन कितीदा अजिंठ्याला गेले आहे. जळगावपासून ती लेणी ६० किलोमीटरवर आहेत. तिथल्या स्त्रियांचे झुकते डोळे आणि कमरेचे वळण हाताला इतके सवयीचे झाले होते की साडेपाच किलो वाहणाऱ्या बाईलाही मी त्याच वळणात उभी केली. चित्रकर्ती बी. प्रभा यांच्या उंच, सडपातळ कोळिणी आणि खेड्यातल्या बायका मला विद्यार्थिदशेपासून प्रिय आहेत. त्यांच्यातला एकाकीपणा आजही आत जातो. पण त्या बायकांच्या शांतपणाची नक्कल मी शेतातल्या बायकांवर चढवत होते, हे त्या दिवशी कळले.

सरांनी काही जुने कॅटलॉग दिले होते. पुढचे तीन आठवडे मी रंगाला हात न लावता ती चित्रे पाहत बसले. त्यांतील तीन माझ्याशी थेट बोलली. पहिले जर्मन चित्रकर्ती पाउला मोडरसन-बेकर हिचे १९०६चे आत्मचित्र. लग्नाच्या वाढदिवशी तिने स्वतःला कमरेपर्यंत उघडे, वाढलेल्या पोटावर हात ठेवून रंगवले. प्रत्यक्षात ती तेव्हा गरोदर नव्हती. स्त्रीने केलेले स्वतःचे हे पहिले नग्न चित्र मानले जाते. पुढच्या वर्षी मुलीच्या जन्मानंतर अठराव्या दिवशी ती गेली, वयाच्या ३१व्या वर्षी. पोट हे तिने बाळाचे घर म्हणून नव्हे, तर स्वतःत काही वाढत असल्याची खूण म्हणून रंगवले, असे मला वाटत राहिले, आणि माझ्या आईची ओटी आठवत राहिली.

दुसरे जर्मन चित्रकर्ती केथे कोलवित्स हिच्या, सोळाव्या शतकातील जर्मन शेतकऱ्यांच्या उठावावरील मालिकेतले. त्यात धावत सुटलेला शेतकऱ्यांचा लोंढा आहे, आणि त्याला चेतवणारी बाई आपल्याकडे पाठ करून, दोन्ही हात वर करून उभी आहे. तिचा चेहरा दिसत नाही. सगळे बळ पाठीत आणि दंडांत आहे. पदराआड गेलेल्या बायकांचे चेहरे मिळत नाहीत म्हणून मी कष्टी होते. त्या पाठीने तो प्रश्न सोडवला.

तिसरे अमृता शेरगिल हिचे १९३४चे, ताहितीतील स्त्रीच्या रूपात केलेले आत्मचित्र. तीही कमरेपर्यंत उघडी आहे, हात पुढे एकावर एक आहेत, नजर बाजूला आहे, आणि तिच्या मागे एका पुरुषाची मोठी सावली पडली आहे. स्वतःचे शरीर रंगवतानाही कोण पाहते आहे हे तिने चित्रातच ठेवले. दुसऱ्याच वर्षी भारतात तिने ‘तीन मुली’ रंगवले, त्यात मुली खाली पाहत बसल्या आहेत आणि शरीर पूर्ण कपड्यांत आहे. तरी त्यांच्या आयुष्याचे ओझे खांद्यांच्या उतारातून कळते. म्हणजे उघडे किंवा झाकलेले असणे हा मुद्दा नव्हता. ते शरीर काय वाहते आहे, हे चित्रकाराला ठाऊक आहे का, हा होता.

मे महिन्याच्या सुट्टीत पुन्हा सुरुवात केली. पारा ४४ अंशांवर होता आणि ॲक्रिलिक पॅलेटवरच वाळत होते. एका पसरट ताटात ओला कपडा, त्यावर बटर पेपर आणि त्यावर रंग, असे केले की दोन-अडीच तास मिळतात. पहाटे चार ते नऊ एवढेच काम करत असे. या वेळी ओटी रंगवताना आधी तिच्या वजनाने शरीर कुठे कुठे बदलते ते पाहिले: टाचा जमिनीत रुततात, पाठीचा कणा आत जातो, मान तोल सांभाळायला पुढे येते, आणि फडक्याची कड कमरेच्या मांसात जिथे बसते तिथे कायमची काळी रेघ पडलेली असते. ती रेघ दहाही जणींना होती. मालिकेत ती सगळीकडे आली.

एका मावशींची बैठक इथे सांगायलाच हवी. त्यांची गर्भाची पिशवी काढलेली होती. पस्तिशीत, दोन दिवसांच्या दुखण्यावरून. त्या खोलीत आल्या, दार लावले आणि म्हणाल्या, “मनं तोंड नको काढू. पोट काढ. समदं त्यानीच सोसेल शे.” मी त्यांच्या पोटावरचा उभा व्रण रंगवला. वरचा भाग फिकट, चकाकता, खालचा गाठाळ आणि जांभळट. टाके जिथे ओढले गेले तिथे कातडीला चुण्या. तो रंगवून होईपर्यंत आम्ही दोघी काहीही बोललो नाही. त्या गेल्यावर वाटले की दुसरीचे पोट मांडायचे आणि आपले झाकून ठेवायचे, हे बरे नाही. म्हणून अकरावे चित्र माझे स्वतःचे केले. त्यात आरशासमोर उभी असलेली मी, सिझेरियनच्या आडव्या खुणेसह. अमेरिकन चित्रकर्ती ॲलिस नील हिने ८०व्या वर्षी स्वतःला विवस्त्र, हातात ब्रश घेऊन खुर्चीत बसलेले रंगवले होते. ते चित्र डोळ्यांसमोर ठेवले नसते, तर माझा हात झाला नसता.

आता कार्यालयीन भाग. दालनाचे नाव देत नाही. ते सार्वजनिक मालकीचे आहे एवढे पुरे. १८ जून २०२४ रोजी अर्ज दिला. सोबत माहितीपत्रक, आधार कार्डाची प्रत, अकरा चित्रांची छायाचित्रे आणि शाळेच्या व्यवस्थापनाचे ना-हरकत पत्र जोडले. त्या पत्रासाठी ‘चित्रे विक्रीसाठी नाहीत’ असे मला लिहून द्यावे लागले होते. सात आठवडे काहीच कळले नाही. चार हेलपाटे झाले. ५ ऑगस्टला तोंडी सांगण्यात आले की इथे कुटुंबे येतात, तेव्हा व्रणाचे, पाठीचे आणि तुमचे स्वतःचे अशी तीन चित्रे काढा, म्हणजे तारीख देऊ. नियम कोणता, असे विचारले तर ‘नियमच आहे’ एवढेच उत्तर मिळाले. परतीच्या एसटीत मी रडले. तीन चित्रे काढून टाकली असती, तर मालिकेत फक्त कापूस उरला असता.

तिथे माझ्याकडून एक चूक झाली होती, ती इतरांनी करू नये: अर्ज देताना आवक क्रमांक घेतला नव्हता. पोच असलेली प्रत हाती नसेल, तर आपण अर्ज केला होता हेही सिद्ध करता येत नाही. १२ ऑगस्टला माहितीच्या अधिकाराखाली, जोडपत्र ‘अ’ हा अर्जाचा नमुना भरून, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून एवढेच मागितले: दालन देण्याबाबतच्या नियमांची प्रत. कोणाविरुद्ध तक्रार लिहिली नाही, आवाज चढवला नाही. कायद्याने ३० दिवसांची मुदत असते. उत्तर २८व्या दिवशी, ९ सप्टेंबरला आले. पानामागे २ रुपये, नऊ पानांचे १८ रुपये भरून प्रत घेतली. त्यात भिंतीला खिळे ठोकू नयेत, खाद्यपदार्थ शिजवू नयेत, विजेचा जास्तीचा वापर वेगळा आकारला जाईल, असे सगळे होते. चित्रांतील शरीराबद्दल एक ओळ नव्हती. १९ सप्टेंबरला त्या नियमांचे क्रमांक देऊन, संमतीपत्रांच्या प्रती जोडून, आणि ‘काही चित्रांत शस्त्रक्रियेचे व्रण व उघडे शरीर आहे, अशी सूचना दाराशी लावीन’ असे स्वतःहून लिहून दुसरा अर्ज केला. या वेळी आवक क्रमांक घेतला.

मग १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली आणि सगळे अर्ज थांबले. २० नोव्हेंबरला मतदान. त्या दिवशी मी स्वतःही केंद्रावर कर्तव्यावर होते. २ डिसेंबरला परवानगीचे पत्र आले: ३, ४ आणि ५ जानेवारी, भाडे रोजचे १५०० रुपये, अनामत ५००० रुपये. अनामत १३ फेब्रुवारीला परत मिळाली, त्यामुळे ती रक्कम दीड-दोन महिने अडकून राहणार असे धरूनच चालावे. बाकीचा खर्च असा: रंग, ब्रश व अस्तर १३,४००, कापड १,९८०, लाकडी चौकटी ७,१५०, भाडे ४,५००, दिवे २,४००, पत्रिका व फलक २,७००, चित्रांचा टेम्पो २,८००, बायकांना आणण्याची गाडी १,८००, बैठकांचा मोबदला ६,०००. एकूण ४२ हजार ७३० रुपये. यातले निम्मे मी दोन वर्षे बाजूला टाकलेले होते आणि निम्मे पतपेढीतून काढले.

प्रदर्शनाला आठ दिवस असताना एका ताईंचा मुलगा घरी आला. तो सभ्यपणे बोलला. आईचे चित्र लागले तर गावात बोलणे होईल, असे त्याचे म्हणणे होते. मी ताईंशी एकटीने बोलायचे ठरवले. त्या म्हणाल्या, “मन व्हतं बाई, पन नको.” त्या चित्रात पोट नव्हते, व्रण नव्हता, डोक्यावर गाठोडे घेतलेली बाई सरळ समोर पाहत होती, आणि मालिकेत चेहरा इतका स्पष्ट असलेले ते एकमेव होते. मला ते सगळ्यांत प्रिय होते. पण कागदावर चौथे वाक्य मीच लिहिले होते. ते चित्र जुन्या लुगड्यात बांधून ठेवले आहे, आणि दहा चित्रे लागली.

पहिल्या दिवशी, सावित्रीबाईंच्या जयंतीला, शाळांतील मुली आल्या, काही प्राध्यापक आले, एक निवृत्त परिचारिका आल्या. परिचारिका व्रणाच्या चित्रासमोर बराच वेळ थांबल्या आणि जाताना एवढेच बोलल्या की टाके घाईत घातलेले आहेत. दोघा जणांनी अभिप्राय वहीत ‘हे दाखवण्याची गरज काय’ असे लिहिले. तेही पान तसेच आहे. १९८७ ते १९८९ या काळात नलिनी मलानी, माधवी पारेख, नीलिमा शेख आणि अर्पिता सिंग या चौघी चित्रकर्तींनी आपल्या जलरंगांतील चित्रांचे प्रदर्शन देशात ठिकठिकाणी, विक्रीच्या गॅलऱ्या टाळून नेले होते. ते आठवून मी वही मिटली आणि दाराशी जाऊन उभी राहिले.

ज्यांची चित्रे होती त्या मात्र शुक्रवारी-शनिवारी येऊ शकल्या नाहीत. वेचणी सुरू होती. रविवारी त्यांच्या गावचा बाजार, म्हणून काम बंद; दुपारी तीनला त्या गाडीने आल्या. चपला दाराबाहेर काढल्या, देवळात काढतात तशा. मी नको म्हटले तरी ऐकले नाही. पिशवीवाल्या मावशी आपल्या पोटासमोर उभ्या राहिल्या, इतरांना सांगितले नाही की ते कोणाचे आहे, आणि मग पुढे गेल्या. एक तरुण मुलगी आपली पाठ पाहून हसली आणि विचारले, “मी इतली जड दिसस का वं?” जिजींनी तिला सांगितले की संध्याकाळी तू इतकीच जड असतेस.

जिजींचे चित्र सगळ्यांत मोठे, पाच फूट उंच. नाव ‘साडेपाच किलो’. त्यांनी टाचा पाहिल्या, हात पाहिले, ओटीजवळ नाक नेऊन पाहिले. मग कमरेमागच्या गाठीवर बोट ठेवले.

“गाठ मांगे बांधी ते सोडी कोन?”

मी गाठ मागे रंगवली होती, कारण माझी स्वतःची ओटी त्या मागून बांधत असत. त्यांनी पदराचा सोगा घेऊन मला दाखवले. वेचणारी बाई गाठ डाव्या बाजूला मारते, सरकगाठ, म्हणजे उजव्या हाताने एक टोक ओढले की सगळी ओटी गाठोड्यावर मोकळी होते आणि कोणाला हाक मारावी लागत नाही. मला गाठ येत नव्हती म्हणूनच त्यांनी माझी मागे बांधली होती.

दालन सहाला रिकामे करायचे होते. डबीत थोडा पांढरा, कच्ची उंबर (मातकट तपकिरी रंग) आणि दोन नंबरचा ब्रश होता. प्रवासात चित्राला ओरखडा गेला तर हाताशी असावे म्हणून मी तो नेला होता, आणि कोणीही प्रदर्शनाला जाताना न्यावा. जिजी शेजारी उभ्या राहिल्या. मागची गाठ झाकली, डावीकडे नवी काढली, आणि टोक किती लांब लोंबायला हवे ते त्यांनी बोटाने चित्रावरच दाखवले.